रविवारी रात्री ट्रक निघून गेल्यावर नाटकाबद्दल काय बोलायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देते आहे ते कळेल. तुम्ही तिघं मित्र, तिघंही इंदूरचे. शहरात लागणाऱ्या मराठी नाटकांवर दर महिन्याला अर्धा-पाऊण तास गप्पा मारता, ध्वनिमुद्रित करता, लोकांना ऐकवता. मुंबईहून आलेल्या नाटकाबद्दल बोलताना सगळं ‘अप्रतिम’ होऊन जातं, कारण नावं मोठी. इथल्या हौशी संस्थेच्या नाटकाबद्दल बोलताना सगळं ‘कौतुकास्पद’ होतं, कारण दिग्दर्शक कुणाच्या तरी काकांचे मित्र. एकदा तुमच्यातल्या एकानं ‘दुसऱ्या अंकात नायिकेचं बोलणं मागे पोहोचत नव्हतं’ असं म्हटलं, तर लग्नाच्या पंगतीत त्यावरून ऐकून घ्यावं लागलं. तुम्ही विचारताय की टीका किती करावी, कशी करावी, आणि शेवटी, थोडं वैतागून, की नाटक निघूनच गेलेलं असतं तर ती करून उपयोग काय.

हा वैतागून विचारलेला प्रश्नच पहिला आहे. तो सुटला की ‘किती’ आणि ‘कशी’ बऱ्यापैकी आपोआप सुटतात.

परीक्षण लिहिण्याची आपली सवय मुंबई-पुण्याकडून आली. तिथे शिवाजी मंदिरला किंवा बालगंधर्वला शुभारंभ झाला की नाटक पुढच्या शनिवारीही असतं. परीक्षण वाचून माणूस तिकीट काढायचं की नाही ते ठरवतो. आपल्याकडे बाहेरची मराठी नाटकं इंदुरात आणणाऱ्या सानंद या संस्थेचा सभासद वर्षाचे पैसे आधीच भरून बसलेला असतो. नाटक बरं असो की वाईट, तो खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात आपल्या वेळेला येणारच. सभासदांचे पाच समूह, प्रत्येकाला एक प्रयोग; हे प्रयोग शनिवार-रविवारी पाठोपाठ होतात, रविवारी रात्री नेपथ्य ट्रकमध्ये चढतं आणि मंडळी परतीच्या वाटेला लागतात. किर्लोस्कर किंवा गंधर्व मंडळींच्या काळी कंपनी गावात मुक्काम ठोकायची, आज हे नाटक, परवा ते, आणि आवडलेलं पुन्हा. तेव्हा पानाच्या गादीवर झालेल्या चर्चेनेही पुढचा खेळ भरायचा किंवा पडायचा. आता तुमच्या बोलण्यानं इंदुरात एकही तिकीट विकलं जात नाही आणि एकही परत होत नाही.

म्हणून ‘बघावं की बघू नये’ हा निकाल तुमच्याकडे कुणी मागितलेलाच नाही. तुमचा श्रोता म्हणजे ज्यानं नाटक पाहिलंय तो माणूस. प्रयोग सुटल्यावर पार्किंगमधून गाडी काढताना आणि पुढे सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना त्याचं मत बनतं, पण ते ‘मजा आली’ किंवा ‘दुसरा अंक रेंगाळला’ इथंच थांबतं. का रेंगाळला, हे त्याला ऐकायचं असतं. हे लक्षात घेतलंत की पहिला फायदा वेळेचा: गोष्ट सांगायची गरज उरत नाही. तुमचे भाग मी ऐकलेले नाहीत, पण अशा गप्पांत निम्मा वेळ कथानक सांगण्यात जातो, हे मी चर्चांच्या मंचावर बसून पुष्कळ पाहिलं आहे. पात्रं कोण आणि पेच कुठला, एवढं चार वाक्यांत सांगा आणि पुढे चला.

यालाही अपवाद आहेत. नाटक इंदूरनंतर भोपाळ किंवा ग्वाल्हेरला जाणार असेल, इथल्या संस्थेनं दुसरा प्रयोग जाहीर केला असेल, किंवा एखाद्या निर्मात्यानं खुल्या तिकिटावर प्रयोग लावला असेल, तर शेवटची पाच मिनिटं न पाहिलेल्यांसाठी ठेवा आणि रहस्य फोडू नका. हेही ध्यानात असू द्या की शनिवारी संध्याकाळी पहिला समूह बाहेर पडतो तेव्हा रविवारचे समूह अजून घरीच असतात. भाग सोमवारच्या आत बाहेर पडता कामा नये.

आता आपल्या शहराला जे मिळालंय आणि आपण वापरत नाही, त्याबद्दल. दोन दिवसांत एकाच नाटकाचे पाच प्रयोग, त्याच रंगमंचावर, त्याच संचात, प्रेक्षक मात्र दर वेळी वेगळा. मुंबईच्या समीक्षकालाही हे सहजी मिळत नाही. तो बहुतेक वेळा शुभारंभाचा एक प्रयोग पाहून लिहितो. तुम्ही तिघं एकाच समूहात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत असाल तर ती चैन सोडा. एकानं शनिवारचा प्रयोग बघावा, एकानं रविवार सकाळचा, एकानं रविवार रात्रीचा. सभासदत्व एकाच समूहाचं असेल तर ओळखीच्या सभासदाशी प्रवेशिकेची अदलाबदल करता येते का ते विचारा. ते त्या त्या वेळच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.

मग बघा काय काय हाती लागतं. विनोदी नाटकातला नट इंदुरात आला की संहितेत नसलेली एक ॲडिशन हमखास घेतो: पोहे, जलेबी, सराफा, नाहीतर आपला इंदुरी ‘भिया’. टाळ्या ठरलेल्या. एकाच प्रयोगाला बसलेला म्हणतो, काय उत्स्फूर्त माणूस आहे! तिघं तीन प्रयोगांना बसलात तर कळतं की ते वाक्य तिन्ही वेळा, त्याच उसंतीनंतर, त्याच हातवाऱ्यासह आलं. त्यात वाईट काही नाही, तो धंद्याचा भाग आहे. पण मग प्रश्न बदलतो. त्या टाळीनं प्रवेश पुढे गेला की तिथंच बसला? समोरची नटी टाळी संपेपर्यंत भूमिकेत राहिली, की तीही प्रेक्षकांबरोबर हसली? यावर बोललात तर तुम्ही अभिनयाबद्दल बोलताय.

रविवार सकाळच्या प्रयोगाचं एक वेगळंच रसायन असतं. प्रेक्षक ताजा, नट झोपेतून उठलेला. आदल्या रात्री जिथे हशा पिकला तिथे सकाळी नुसती खसखस. कच्चा नट हशा आला नाही की घाबरून पुढचं वाक्य उंच पट्टीत टाकतो. मुरलेला नट वेग किंचित वाढवून निघून जातो, हशा हवा होता हे कळूच देत नाही. रात्रीच्या शेवटच्या प्रयोगाला घसा बसलेला असतो, पण संचाला सभागृहाचा आवाका समजलेला असतो, त्यामुळे कधी कधी तोच सर्वांत घट्ट होतो. ‘आमच्या समूहाला चांगला प्रयोग मिळाला नाही’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. ती खरी की नुसती कुरकुर, हे तुम्ही तिघंच सांगू शकता.

आता ‘टीका कशी’. माझ्या मते आपल्याकडच्या बोलण्यात कठोरपणा कमी पडत नाही, नेमकेपणा कमी पडतो. नाटकात जे काही होतं ते ‘अभिनय छान’ किंवा ‘अभिनय फिका’ या दोन डब्यांत टाकलं जातं. संहिता, दिग्दर्शन, नट आणि त्या दिवशीचा प्रयोग ही चार वेगळी प्रकरणं आहेत, आणि दोष कुणाच्या पदरात टाकायचा हे ठरवायला थोडी तपासणी लागते.

दुसरा अंक रेंगाळला, हेच उदाहरण घेऊ, कारण ते दर महिन्याला ऐकू येतं. तिन्ही प्रयोगांत, तिन्ही वेगळ्या प्रेक्षकांसमोर, त्याच ठिकाणी खुर्च्या कुरकुरल्या आणि खोकल्यांची साथ आली, तर संशय संहितेवर घ्या. बहुधा तिथे एखादं पात्र प्रेक्षकाला आधीच कळलेली गोष्ट दुसऱ्या पात्राला सांगत असतं. संहितेत घडतंय, पण डोळ्यांना काही दिसत नाही, सगळे सोफ्यावर बसून बोलताहेत आणि उठतात ते फक्त निघून जाण्यासाठी, तर दिग्दर्शकाकडे बघा. एका प्रयोगात तो प्रवेश धावला आणि दुसऱ्यात पडला, तर तो नटांचा किंवा त्या दिवसाचा मामला. एवढं वेगळं करून सांगितलंत की ऐकणाऱ्याला पुढच्या नाटकात स्वतः बघायला काहीतरी मिळतं.

नेपथ्याबद्दल बोलण्याआधी दौऱ्याचं गणित माहीत असू द्या. मुंबईत दोन मजली दिसलेला वाडा इथे एका जिन्यावर आणि दोन चौकटींवर उरतो, कारण ट्रकमध्ये तेवढंच मावतं आणि ते काही तासांत उभं करावं लागतं. प्रकाशाचंही तेच. इथे कुठले दिवे मिळाले आणि आखणीत काय होतं, यात फरक पडतो. ‘नेपथ्य उघडं-बोडकं वाटलं’ हे निरीक्षण खरं असतं, पण ‘नेपथ्यकारानं कष्ट घेतले नाहीत’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मंडळींतल्या मंच-व्यवस्थापकाला मध्यंतरात एक प्रश्न विचारला तर तो आनंदानं सांगतो काय आलं आणि काय मागे राहिलं.

आणि तुमच्या त्या ‘मागे पोहोचत नव्हतं’बद्दल. विधान योग्य होतं, अर्धवट होतं. तुमचा मित्र कितव्या रांगेत होता? इतर पात्रांचं बोलणं तिथे पोहोचत होतं का? नायिका त्या प्रवेशात मंचाच्या मागच्या भागात, पाठमोरी उभी होती का? तसं असेल तर तिला तिथे उभं करणाऱ्याचा तो दोष. माइक कडेला ठेवलेले असतील आणि ती मध्यभागी हळू बोलत असेल तर ध्वनियोजनेचा. समोर तोंड करून, जवळून बोलूनही वाक्याचा शेवट गिळला जात असेल तरच तिचा. पंगतीत जो राग आला तो कदाचित तरीही आला असता, पण तुमच्याजवळ उत्तर असतं.

मराठीत माधव मनोहरांसारखे समीक्षक होऊन गेले, जे एखाद्या ‘स्वतंत्र’ नाटकामागचं परकीय नाटक ओळखून तसं जाहीर सांगत. त्यांची जरब लोकांना आठवते, पण त्या जरबेखाली वाचन होतं. तुमच्याकडून तेवढ्या वाचनाची कुणी अपेक्षा करणार नाही, पण जुन्या नाटकाचा नवा प्रयोग असेल तर छापील संहिता तरी चाळून जा. विशेषतः संगीत नाटकं. मूळची ती रात्र रात्र चालणारी, आता अडीच-तीन तासांत बसवलेली. कुठली पदं गेली, कुठला प्रवेश गेला आणि त्यामुळे कुठल्या पात्राचं वागणं एकदम तुटक वाटायला लागलं, हे संहिता पाहिल्याशिवाय कळत नाही. नाहीतर मग चर्चा ‘आमच्या वेळी अमुक गायचे’ यावर येऊन थांबते, आणि पंचविशीतल्या श्रोत्याला तिथे उठून जावंसं वाटतं.

हौशी आणि व्यावसायिक, एकच माप लावायचं की दोन? यावर माझं मत ठाम आहे, इतरांचं वेगळं असू शकतं. जे पैशानं मिळतं तिथे सूट द्या. जे तालमीनं मिळतं तिथे देऊ नका. आपल्या संस्थेतले कलाकार बँकेतून, शाळेतून, दुकानातून सुटून संध्याकाळी तालमीला येतात. त्यांचा प्रयोग बहुधा पहिला आणि तोच शेवटचा. समोर मुंबईचं नाटक शंभरावा प्रयोग करून इथे पोहोचलेलं असतं. पहिल्या प्रयोगाची शंभराव्याशी तुलना करून ‘सफाई नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. पण पाठांतर कच्चं असणं, एंट्री उशिरा येणं, समोरचा बोलत असताना आपल्या वाक्याची वाट बघत उभं राहणं, याला नोकरीचं कारण चालत नाही. आणि पैसे नव्हते म्हणून नेपथ्य फसलं, हे तर इंदुरात मला अर्धंच पटतं. चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पानं, फांद्या, टाकाऊ वस्तू यांतून काय काय उभं केलं ते याच शहरानं पाहिलंय. बाबा डिक्यांच्या नाट्यभारती या इथल्या नाट्यसंस्थेची मंडळीही काही निर्मात्याच्या थैलीवर नाटक करत नव्हती.

हौशी नाटकांच्या बाबतीत आणखी एक खोड आहे, ती स्पर्धांनी लावली. स्पर्धेत दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा अशी वेगवेगळी बक्षिसं असतात, म्हणून आपण बोलतानाही प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं वाटून देतो. कुणी राहायला नको. परीक्षकाला ते करावं लागतं. तुम्हाला नाही. रंगभूषेबद्दल सांगण्यासारखं काही नसेल तर तिचं नाव घेऊ नका. एका नाटकातल्या एका प्रवेशावर तिघं पंधरा मिनिटं भांडलात तर तो भाग लोक पुन्हा ऐकतील.

ओळखीपाळखीचं काय? इंदूरचा मराठी समाज मोठा आहे, तरी रामबाग, लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर यांतल्या कुठल्याही दोन माणसांमध्ये फार तर एकच ओळख असते. ओळख टाळता येत नाही, सांगता मात्र येते. ‘दिग्दर्शक माझ्या काकांचे मित्र आहेत, मी लहानपणापासून त्यांना ओळखतो’ हे सुरुवातीलाच बोलून टाका, आणि त्या नाटकावर मुख्य बोलणं दुसऱ्याकडे द्या. घरचं कुणी भूमिकेत असेल तर त्या भागापुरतं बाहेर बसा. पासावर गेला असाल तर तेही सांगा. तालमीला बोलावलं तर जाऊ नका. गेलात तर मग त्या नाटकाबद्दल बोलू नका, कारण तालमीत पाहिलेले कष्ट प्रयोगात नसलेल्या गोष्टी दाखवायला लागतात.

भूमिकेचं नाव घ्या, माणसाचं कमी घ्या. ‘वहिनीच्या भूमिकेत शेवटच्या प्रवेशात राग एकदम उसळतो, त्याआधी तो साचताना दिसत नाही’ हे वाक्य ती भूमिका करणारीला कामाचं आहे. ‘अमुकताईंना जमलं नाही’ हे कुणालाच कामाचं नाही. एक गोष्ट मात्र मी करत नाही, ती म्हणजे टोचण्याआधी आणि टोचल्यावर साखर लावणं. ऐकणारा हुशार असतो, तो साखर थुंकून टाकतो. खरंच काही आवडलं असेल तर त्याच्या जागी, कारणासकट सांगा.

संस्थेतलं कुणी दुखावून उत्तर देऊ इच्छित असेल तर पुढच्या महिन्यात दहा मिनिटं द्या, पण त्याच भागात समोरासमोर बसवू नका. समोर माणूस असला की आपण सगळेच सभ्य होतो आणि चर्चेचं सत्कार समारंभात रूपांतर होतं.

तुम्हा तिघांच्या आपसातल्या बोलण्याबद्दल थोडं. मध्यंतरात चहाच्या रांगेत आणि नाटक सुटल्यावर गाडीत त्या नाटकावर एकमेकांशी बोलू नका. अवघड आहे, पण करा. ज्याचं बोलणं जास्त रुबाबदार त्याचं मत बाकीच्यांना चिकटतं, आणि मुद्रणाच्या दिवशी तिघांचं एकमत झालेलं असतं, कसं झालं ते कुणालाच आठवत नाही. घरी जाऊन प्रत्येकानं लक्षात राहिलेल्या दोन-तीन जागा कागदावर लिहाव्यात. मत लिहू नका, जागा लिहा: कोण कुठे उभं होतं, काय म्हणालं, प्रेक्षकांनी काय केलं. मुद्रणाला बसल्यावर आधी ते कागद वाचा. तिथेच मतभेद सापडतात. एकाला जो पॉझ हृदयाला भिडला तो दुसऱ्याला वाक्य विसरल्यासारखा वाटलेला असतो. आणि प्रयोग वेगळे पाहिले असतील तर दोघंही बरोबर असू शकतात!

मोठ्या नावांपुढे जीभ अडखळते, त्यावर माझ्याकडे एक दिलासा आहे. मुंबईच्या नटाला तुमच्या बोलण्यानं काही फरक पडत नाही, त्यामुळे तिथे तुम्ही सर्वांत मोकळे असायला हवं. उलट आपल्याकडे तिथेच सर्वांत जास्त आरत्या होतात. सानंदच्या एका समूहाला राहुल बारपुत्यांचं नाव आहे, एकाला रामूभैया दात्यांचं. बारपुते संपादक, रामूभैय्यांची ख्याती रसिक म्हणून, पेशेवर नट दोघांतला कुणीच नाही. हे शहर बघणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला इतका मान देतं, तर त्या खुर्चीवर बसून मनातलं बोलायला संकोच कशाला?

हिंदी नाटकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. रवींद्र नाट्यगृहात किंवा इतरत्र हिंदी प्रयोग असला की आपला मराठी प्रेक्षक फिरकत नाही. भोपाळला १९८२ साली भारत भवन झालं, दिग्दर्शक ब. व. कारंतांनी तिथली रंगमंडल ही नाटकमंडळी उभी केली, त्या परंपरेतलं काम आपल्यापासून चार तासांवर आहे. दिवाणखान्याशिवायही नाटक उभं राहतं, कोरस काय करू शकतो, नट शरीरानं कसं बोलतो, हे तिथे दिसतं. दोन-तीन महिन्यांतून एक हिंदी नाटक घ्या. पाहुणा हिंदीत बोलला तर बोलू द्या, तुमच्या श्रोत्यांपैकी कुणालाही त्याचा अनुवाद लागणार नाही.

लांबीबद्दल: पाऊण तासात दोन नाटकं पुरे, एक बाहेरचं, एक इथलं. इथलं आधी घ्या. बाहेरचं आधी घेतलंत तर त्यातच सगळा वेळ जातो आणि इथल्याच्या वाट्याला शेवटची सात मिनिटं आणि ‘स्तुत्य उपक्रम’ उरतो. एखाद्या महिन्यात इथलं नाटक नसेल, तर तालमी कुठे चालल्यात आणि कुठल्या संस्थेनं कुठली संहिता हाती घेतलीय, एवढी बातमी द्या आणि त्या महिन्याचा भाग अर्ध्या तासात संपवा.